काट्यावर तोललेले रिव्हॉल्व्हर

शस्त्र परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची मंजुरी मिळाली, तेव्हा अवघड भाग संपला असे मला वाटले होते. प्रत्यक्षात कोणते शस्त्र घ्यायचे हे ठरवण्यात त्यानंतर आठ महिने गेले. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला गलाई व्यावसायिक आहे. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यापायी विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे देशभरातल्या शहरांत पसरली. माझ्या वडिलांनी त्यात उभा जन्म काढला आणि मीही बावीस वर्षे दक्षिणेत राहून गावी परतलो. आता दुकान विट्यात आणि राहणे मळ्यात आहे. रात्री माल घेऊन परतण्याची वेळ महिन्यातून चार-सहा वेळा येते आणि अशाच एका रात्री दोन मोटारसायकलस्वारांनी माझी वाट अडवण्याचा प्रयत्न केला होता. त्याची पोलिसांत नोंद झाली, चौकशी झाली आणि त्या आधारावर मी कमरेला बाळगता येईल अशा शस्त्रासाठी अर्ज केला. अर्ज, पोलीस अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हा सगळा क्रम ठरलेला आहे आणि ज्याला त्यातून जावे लागते त्याला तो कार्यालयात समजतोच, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही.

निवड लांबली त्याचे कारण वेगळे होते. वडिलांची बारा बोअरची बंदूक वारसाने माझ्या नावावर आलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतील असे ठरले. म्हणजे आता मी जे घेणार ते माझे दुसरे आणि शेवटचे. ते मनाजोगे निघाले नाही, तर विकण्यासाठी ४५ दिवस आधी लेखी कळवायचे, त्याच बोअरची, म्हणजे नळीच्या त्याच मापाची, मंजुरी असलेला परवानाधारक शोधायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मोबाइल बदलावा तसे रिव्हॉल्व्हर बदलता येत नाही, हे मनाशी पक्के धरूनच मी शोधाला लागलो.

माझ्या अटी दोन होत्या. शस्त्र रोज कमरेला राहणार असल्याने ते हलके असावे, ही पहिली. २५ मीटरवर त्याचा नेम भरवशाचा असावा आणि जमल्यास त्याही पुढे गोळी कुठे पडते याचा अंदाज बांधता यावा, ही दुसरी. या दुसऱ्या अटीचे माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला आश्चर्य वाटले. चोर काय २५ मीटरवरून येतो का, असे मला थोरल्या बंधूंनीही विचारले. त्यांचे म्हणणे खरेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा जो हक्क दिला आहे, तो धोका समोर उभा असेल तेवढ्यापुरता आणि आवश्यक तेवढाच आहे; २५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून बहुतेक वेळा निघून जाता येते आणि तेच करायला हवे. मला लांबचा नेम हवा होता तो लांबच्या माणसासाठी नव्हे. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून आमच्या मळ्याच्या तिन्ही बाजूंना ऊस उभा राहू लागला आहे आणि हंगामात विहिरीपलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोड टोळीच्या कोप्या पडतात. त्या कोप्यांत रात्री लहान मुले झोपलेली असतात. चुकलेली गोळी ५० मीटरवर थांबत नाही, ती कित्येक शे मीटर पुढे जाते. ज्या शस्त्रातून सुटलेली गोळी २५ मीटरवर कुठे लागेल हे मला सांगता येत नाही, ते शस्त्र या जागी जवळ बाळगण्याचा मला अधिकार नाही, असे मला वाटत होते आणि आजही वाटते.

परवान्यावर काय घेता येते याची मर्यादाही इथेच सांगायला हवी. लष्करात आणि पोलिसांत वापरली जाणारी ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, तसेच ०.३८ आणि ०.४५ चेही आहे. आपल्यासाठी व्यवहारात उरतात ती ०.२२ आणि ०.३२ बोअरची शस्त्रे. दुकानात ज्याला नुसते ‘बत्तीस’ म्हणतात, त्यातही दोन वेगळ्या जाती आहेत, हे मला पहिल्या महिन्यात कळले. रिव्हॉल्व्हरचे, म्हणजे ज्यात काडतुसे फिरत्या चकरीत बसतात त्या शस्त्राचे, काडतूस म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ सालचे आहे. पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये तयार केले आणि ते त्याहून आखूड आहे. एकाचे काडतूस दुसऱ्यासाठी नसते. यातले रिव्हॉल्व्हरचे काडतूस जुने आणि मंद असल्याचे ऐकून मी आधी पिस्तुलाकडे झुकलो होतो. पुढे माझे मत नेमके याच मुद्द्यावर बदलले.

माझ्याजवळ माझ्या धंद्यातली दोन साधने होती, खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर. सांगलीपासून पुण्यापर्यंत चार विक्रेत्यांकडे मी ती दोन्ही घेऊन गेलो. रिकामे असल्याची खात्री करून शस्त्र हातात दिले गेले, की मी आधी ते तोलत असे, मग नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचे अंतर मोजत असे आणि दोन्ही आकडे वहीत लिहीत असे. एका विक्रेत्याला हे अजिबात आवडले नाही. “शेठ, पन्नास मीटर मारतंय, आणखी काय बघायचंय?” असे म्हणून त्यांनी माझ्यासमोर पावतीपुस्तक ओढले. त्यांनी पल्ला सांगितला होता, नेमाचा प्रश्न त्यात आलाच नव्हता. दोन्हींतला फरक मला तेव्हा शब्दांत मांडता आला नाही, इतकेच कळले की इथून घाईने घ्यायचे नाही.

पहिली ओढ सर्वांत हलक्या शस्त्राची होती. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. आमच्या धंद्यात नायट्रिक ॲसिडच्या वाफा रोजच्याच असतात, त्या वाफांनी दुकानातल्या साध्या पोलादी पकडींवरही चार महिन्यांत तांबूस थर चढतो आणि टायटॅनियमला गंजाची भीती नाही, म्हणून माझे मन तिकडे फार ओढ घेत होते. वजन, गंज, आकार या तिन्ही बाबतीत ते माझ्या पहिल्या अटीला उतरत होते. मी ते घेतलेही असते. पण त्याच सुमारास मी एका रायफल क्लबचा सदस्य झालो आणि तिथे एका निवृत्त सुभेदारसाहेबांची भेट झाली.

सुभेदारसाहेब सातारा जिल्ह्यातले आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये पंचवीसहून अधिक वर्षे नोकरी केलेले, आणि आता क्लबमध्ये मुलामुलींना पिस्तूल शिकवतात. २५ मीटर पिस्तूल हा प्रकार आमच्या भागात घरोघरी ठाऊक झाला तो कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्यामुळे. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि असे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. त्यानंतर शनिवार-रविवारी रेंजवर शाळकरी मुलींची संख्या वाढली, असे सुभेदारसाहेब सांगतात. पन्नाशी ओलांडलेला मी त्या मुलींच्या रांगेत उभा राहिलो तो क्लबच्या ०.२२ च्या पिस्तुलावर हात बसवण्यासाठी. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला क्लबचे स्पर्धेचे ०.३२ पिस्तूल दाखवले. त्यात चपट्या तोंडाच्या गोळीचे, कागदाला छापल्यासारखे गोल छिद्र पाडणारे, तेच जुने स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस होते. २५ मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत जगभरचे नेमबाज याच काडतुसाला पसंती देतात, हे ऐकून मी चकित झालो. सुभेदारसाहेबांनी पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही दहाच्या वर्तुळात किंवा त्याच्या कडेला होत्या. ते वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. मी ज्याला मंद आणि जुनाट समजत होतो त्या काडतुसात काहीच उणे नव्हते. मग कमरेच्या रिव्हॉल्व्हरने हे का होत नाही, असे मी विचारले. त्यांनी माझी वही मागून घेतली.

मी लिहिलेल्या माशी आणि खाच यांच्यातल्या अंतरावर बोट ठेवून त्यांनी मला हिशेब करायला सांगितले. माशी आणि खाच यांत १२० मिलिमीटर अंतर आहे असे धरा आणि नेम धरताना माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली असे समजा. ७ मीटरवर गोळी सुमारे ५८ मिलिमीटर बाजूला जाते, म्हणजे काम भागते. २५ मीटरवर तीच चूक २०८ मिलिमीटर होते आणि ५० मीटरवर ४१७. माशी आणि खाच यांतले अंतर १६० मिलिमीटर असेल तर २५ मीटरवरची चूक १५६ वर येते. स्पर्धेच्या पिस्तुलाला २२० मिलिमीटरपर्यंत अंतर चालते, तिथे ती ११४ उरते. सोने तोलणाऱ्याला एक मिलिमीटर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, पण हाच मिलिमीटर पुढे जाऊन एवढा वाढतो हे मी कधी मनात आणले नव्हते. “नळी लांब असली म्हणून गोळी सरळ जात नाही, शेठ,” सुभेदारसाहेब म्हणाले. “शिकंज्यात धरली तर आखूड नळीसुद्धा सरळच मारती. लांब नळीनं तुमचा डोळा सुधारतो, गोळी नव्हं.” त्या दिवसानंतर ‘पल्ला’ हा शब्द मी दुकानात उच्चारला नाही. काडतुसाची पोहोच ५० मीटर असते, त्याहून कितीतरी अधिकही असते. प्रश्न माझ्या डोळ्याची आणि बोटाची पोहोच किती, हा होता.

बोटाची गोष्ट तर अधिकच गंभीर निघाली. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा भाग, आधी हाताने मागे ओढून चाप दाबला तर चाप तुलनेने हलका सुटतो. घोडा न ओढता नुसता चाप दाबला तर त्याच ओढीत चकरी फिरवायची, घोडा मागे न्यायचा आणि सोडायचा असतो, म्हणून जोर बराच लागतो. हा जोर अनेक रिव्हॉल्व्हरांत साडेचार-पाच किलोच्या आसपास असतो. आता अर्धा किलोच्या शस्त्रावर पाच किलोची ओढ म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या दहापट जोर. हातातली वस्तू जितकी हलकी, तितकी ती या ओढीने जागची हलते. धक्क्याचेही तसेच आहे. सहा काडतुसे भरली की वजनात साठेक ग्रॅमची भर पडते. ५६० ग्रॅमचे भरलेले शस्त्र ७६० ग्रॅमच्या शस्त्रापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने अधिक वेगाने मागे येते. ०.३२ चा धक्का मुळात सौम्य आहे, त्यामुळे हाताला इजा होण्याचा प्रश्न नाही, पण दुसऱ्या गोळीसाठी माशी पुन्हा जागेवर आणायला लागणारा वेळ वाढतो. माझ्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढत होत्या हे मला इथे उमगले. सर्वांत हलके शस्त्र घ्यायचा विचार मी मनातून काढला. ते शस्त्र वाईट होते म्हणून नव्हे, माझ्या दुसऱ्या अटीला ते साजेसे नव्हते म्हणून.

पिस्तुलाचा विचार मात्र मी लगेच सोडला नव्हता. बत्तीसच्या बहुतेक पिस्तुलांत नळी सांगाड्यालाच पक्की असते, ती मागेपुढे हलत नाही आणि नेमासाठी ही गोष्ट चांगली आहे. चपटे असल्याने ते सदऱ्याखाली दिसतही नाही. परंतु खिशासाठी बनवलेल्या पिस्तुलांची माशी बहुधा इतकी बुटकी असते की संध्याकाळच्या उजेडात माझ्या चष्म्यातून ती मला खाचेत सापडतच नव्हती. शिवाय माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला जुनी दुखापत आहे, वरचा भाग जोराच्या स्प्रिंगविरुद्ध मागे ओढताना तो दुखतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस सुटले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. एवढ्यावर मी तो विषय संपवला.

मग एक मोह आला. कऱ्हाडच्या एका परवानाधारक वृद्ध गृहस्थांना आपले विलायती रिव्हॉल्व्हर विकायचे होते. चार इंची नळी, सहा काडतुसे, आयात बंद होण्यापूर्वी आलेले. रीतसर पत्रव्यवहार करून मी ते पाहायला गेलो. काट्यावर ते साडेपाचशे ग्रॅमच्या आत भरले आणि माशी व खाच यांतले अंतर माझ्या वहीतल्या सर्व आकड्यांत मोठे होते. हलके आणि लांब नेमाचे, म्हणजे माझ्या दोन्ही अटी एकाच वस्तूत! किंमत नव्या देशी शस्त्राच्या कितीतरी पट होती, तरी मी मनाने जवळजवळ तयार झालो. सुभेदारसाहेब सोबत होते म्हणून वाचलो. त्यांनी चकरी रिकामी असल्याचे दोनदा पाहिले, घोडा हळू पुढे जाऊ देत चाप दाबून धरला आणि चकरी दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवली. तिच्यात स्पष्ट खेळ होता. सहापैकी दोन घरांत ती कुलूप लागल्यासारखी घट्ट बसतच नव्हती. चकरीचे घर आणि नळीचे तोंड एका रेषेत नसेल तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिशाची कीस बाजूला उडते आणि नेम तर जातोच. नळीत प्रकाश टाकून पाहिले तेव्हा आतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चरांत, गंजाचे खड्डेही दिसले. त्या गृहस्थांनी काही लपवले नव्हते, त्यांना ते ठाऊकच नव्हते. शस्त्र तीस वर्षे पेटीत कापडात गुंडाळून होते आणि कापड ओल धरते. मी परतीच्या वाटेवर फार बोललो नाही. जुन्या विलायती वस्तूची चमक पाहून माझ्यासारखा सोन्याचा टंच काढणारा माणूसही कस लावायला विसरतो, याचे मला वाईट वाटत होते.

शेवटी निवड आली ती दोन देशी रिव्हॉल्व्हरांत. एका बाजूला मधून मोडून उघडणारी, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घडणीची रिव्हॉल्व्हरे होती, जी कानपूरला वर्षानुवर्षे बनत आली आहेत. दुसऱ्या बाजूला ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाले, त्यांतली ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ही कानपूरची कंपनी ते बनवते. वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर आणि चकरी बाजूला उघडणारी. भारतात बनलेल्या रिव्हॉल्व्हरांत अशी रचना पहिलीच, असा कंपनीचा दावा आहे. ५० मीटरचा पल्ला हे त्याच्या जाहिरातीतले मुख्य वाक्य आहे आणि माझ्यासमोर पावतीपुस्तक ओढणाऱ्या विक्रेत्याने जे सांगितले होते ते याच्याविषयीच. मला त्यात रस वाटला तो वेगळ्या कारणाने. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि मूठ बिजागरीने जोडलेली असतात, मागची खाच त्या जोडाच्या कडीजवळ असते आणि वर्षानुवर्षांच्या उघडझापीने जोड सैल झाला तर माशी व खाच यांचे नाते बदलते. बाजूला उघडणाऱ्या रचनेत सांगाडा एकसंध असतो; माशी आणि खाच दोन्ही त्यावरच पक्की राहतात. लांबच्या नेमाचा विचार करणाऱ्याला हा फरक पल्ल्याच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. घोडा न ओढता चाप ओढून पाहिला, तो अपेक्षेपेक्षा हलका वाटला. मूठ माझ्या करंगळीला पुरेशी होती, तीही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, कारण करंगळी हवेत राहिली की हलक्या शस्त्राचे तोंड खाली झुकते.

७०० ग्रॅम हे ‘निर्भीक’पेक्षा २०० ग्रॅमने जास्त होते. हे वजन रोज पेलेल का, हे पाहण्यासाठी मी ७६० ग्रॅम वजनाचे शिसे कापडात शिवून आठवडाभर पट्ट्याला बांधून फिरलो, मोटारसायकलवर बसलो, भट्टीसमोर उभा राहिलो. दोन दिवस कंबर अवघडली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की दोष वजनाचा नसून माझ्या पातळ पट्ट्याचा आहे. जाड, दुपदरी शिवलेला चामड्याचा पट्टा करून घेतला आणि तक्रार थांबली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये खरेदी केली, परवान्यावर नोंद करून घेतली आणि शस्त्र पोलीस ठाण्यात दाखवून आलो. ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची आचारसंहिता लागली, त्यामुळे दोन्ही शस्त्रे जमा करण्याची वेळ दोन महिन्यांतच आली. ती निकालानंतर परत मिळाली.

पहिल्या दिवशी २५ मीटरवर मी सहा गोळ्या झाडल्या. लक्ष्यपत्रिकेचे बाहेरचे वर्तुळ ५०० मिलिमीटरचे आणि मधला काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो. चार गोळ्या कागदावर लागल्या, काळ्या भागात एकही नाही, आणि चारही डावीकडे खाली. मला वाटले, माशी वाकडी बसली आहे. सुभेदारसाहेबांनी काही न बोलता रिव्हॉल्व्हर घेतले, माझ्याकडे पाठ करून चकरीत तीन जिवंत काडतुसे आणि तीन झाडलेली रिकामी टोपणे मिसळून भरली आणि परत दिले. रिकाम्या टोपणावर घोडा पडला तेव्हा धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी नळीचे तोंड डावीकडे खाली गचकन झुकले. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. गोळी सुटणार या कल्पनेनेच माझा पंजा आवळला जात होता. माशी अगदी सरळ होती.

माझ्या परवान्यावर वर्षाला ५० काडतुसांची नोंद आहे, त्यामुळे सराव काडतुसांनी भागणारा नव्हता. रेंजवर क्लबच्या ०.२२ च्या पिस्तुलावर हात आणि घरी रिकाम्या शस्त्रावर बोट, असा क्रम ठरला. घरी सराव करताना काडतुसे दुसऱ्या खोलीतल्या कपाटात कुलपात असतात, शस्त्र मी दोनदा उघडून पाहतो, समोर दगडी भिंत असते आणि त्या वेळी खोलीत कोणी येत नाही. हा नियम माझ्या पत्नीने घालून दिला आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. माशीच्या टोकावर नाणे आडवे ठेवायचे आणि ते न पडता चाप पूर्ण ओढायचा. सुरुवातीला दहात दोनदा जमत असे. चार महिन्यांनी दहात आठदा जमू लागले. डाव्या हाताचा अंगठा चकरी आणि नळी यांच्या फटीपासून दूर ठेवण्याची सवयही याच काळात लागली. त्या फटीतून तापलेला वायू बाहेर पडतो आणि पिस्तुलासारखी पकड धरली तर बोट भाजते.

५० मीटरवरही मी एकदा झाडून पाहिले, कारण तो आकडा माझ्या मनात अडकून होता. या काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जायला साधारण पाव सेकंद घेते. २५ मीटरवर नेम जुळवलेला असेल तर ५० मीटरवर ती सुमारे १२ ते १३ सेंटिमीटर खाली पडते, असा हिशेब मी आधी कागदावर केला होता. सहापैकी तीन कागदावर लागल्या, तिन्ही मध्याच्या खाली, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. उरलेल्या तीन मागच्या मातीच्या बांधात गेल्या. म्हणजे जाहिरातीत सांगितलेला पल्ला खोटा नाही, गोळी तिथे पोहोचते आणि शस्त्र तिला तिथे नेते. पण माझ्या हाताने मळ्यावर ५० मीटरवर गोळी झाडणे म्हणजे निम्म्या गोळ्या कोप्यांच्या दिशेने सोडणे ठरेल. कोप्या माझ्या पडवीपासून किती लांब आहेत हे मी दोरीने मोजून आलो आहे आणि त्या दिशेला शस्त्राचे तोंड होणार नाही अशीच पडवीतली आणि फाटकातली माझी उभी राहण्याची जागा ठरवली आहे.

बाळगण्याविषयी थोडे. चाप पूर्ण झाकणारे, कमरेला घट्ट बसणारे चामड्याचे म्यान मी वापरतो आणि दुकानात भट्टी पेटलेली असेल तेव्हा शस्त्र तिथे ठेवत नाही, कारण ॲसिडच्या वाफा पोलादावर बसतात. उन्हाळ्यात घामाचे मीठ त्याहून वाईट. म्हणून घरी आल्यावर कोरड्या कापडाने पुसून तेलाचा पातळ हात फिरवतो आणि शस्त्र म्यानातून काढून ठेवतो, कारण चामडेही ओल धरते. कऱ्हाडच्या त्या रिव्हॉल्व्हरची नळी मला अजून आठवते.

गेल्या महिन्यात २५ मीटरवर झाडलेल्या सहापैकी पाच गोळ्या काळ्या भागात लागल्या. सहावी डावीकडे खाली, त्याच जुन्या जागी. सुभेदारसाहेबांनी त्या एका छिद्राभोवती पेन्सिलने गोल काढला, बाजूला तारीख घातली आणि पत्रिका माझ्या हातात दिली. या वर्षाची अठरा काडतुसे शिल्लक आहेत. त्यांतली सहा चकरीसाठी राखून ठेवायची, बारा दिवाळीनंतरच्या दोन शनिवारी २५ मीटरवर वापरायची आणि दोन्ही वेळा चकरीत रिकामी टोपणे मिसळून भरायची, असे आम्ही ठरवले आहे.